शिलाई मशीनवरची रात्रपाळी कोणामुळे?



संपादकीयाच्या जागी ब्लाउज, अस्तर आणि शिंप्याचा वायदा हा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पेन्शनचा प्रश्न लोंबकळत आहे, रिक्त जागा भरल्या जात नाहीत, एकेका माणसावर दोघांचे काम पडते आहे. अशा वेळी युनियनच्या सेक्रेटरीने शिवणकामावर लिहावे काय? आमचे उत्तर असे की लिहावे, कारण हा प्रश्नही कामाच्या तासांचाच आहे. फरक इतकाच की या प्रश्नात मालकाच्या खुर्चीवर प्रशासन बसलेले नाही. तेथे आपण बसलेलो आहोत.

गेल्या वर्षी आमच्या युनियन ऑफिसात एक तक्रार आली. तक्रार करणारे आमचे जुने सभासद, वर्गणी वेळेवर देणारे, मोर्चात पुढे असणारे. त्यांच्या मुलीच्या लग्नातले ब्लाउज वेळेवर मिळाले नाही. शिवायला दिले होते आमच्याच रेल्वे कॉलनीत, एका पॉइंट्समनच्या घरी. त्याची पत्नी बारा-तेरा वर्षे शिवणकाम करते. लग्नाच्या आदल्या रात्री हे कुटुंब तिच्या दारात उभे राहिले तेव्हा ब्लाउजला बाह्या लागायच्या होत्या. शब्दाला शब्द वाढला. शेवटी मुलीने बाजारातून तयार ब्लाउज आणून, बाजूने टाके घालून नेसती वेळ मारून नेली. "सेक्रेटरीसाहेब, हा आपल्या माणसानेच आपल्या माणसाला दिलेला दगा आहे. नवऱ्याला बोलावून समज द्या," असे त्यांचे म्हणणे होते.

डी. ए. आर. खाली चार्जशीट मिळालेल्या कर्मचाऱ्यांचा बचाव करण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. एक गोष्ट त्यातून शिकलो. आरोप कितीही खरा वाटला तरी कागदपत्र पाहिल्याशिवाय मत द्यायचे नाही. म्हणून त्या नवऱ्याला बोलावून समज देण्याऐवजी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि त्या बाईंकडे त्यांची वही मागितली.

वही म्हणजे शाळेची दोनशे पानी वही. प्रत्येक पानावर नाव, मापे, कापड आल्याची तारीख, दिलेला वायदा, आगाऊ रक्कम, बाकी. उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा. एका ब्लाउजला इतकी मापे लागतात हे आम्हांला त्या दिवशी कळले. आमच्या सभासदाच्या पानावर जे लिहिले होते ते असे: कापड लग्नाच्या एकोणीस दिवस आधी आले. अस्तर त्यानंतर सहा दिवसांनी आले. ते भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतल्याशिवाय बेतता येत नाही, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि वरचे कापड सुरकुतते. कापड बेतून झाल्यावर मागच्या गळ्याचा नमुना बदलला. तो करून झाल्यावर मोबाइलवर दुसरा फोटो आला, म्हणून पुन्हा बदलला. ट्रायलला दोनदा बोलावले, दोन्ही वेळा कोणी आले नाही. आणि पानाच्या तळाशी लाल शाईत, मागच्या वर्षीच्या शिलाईपैकी १,१०० रुपये बाकी.

म्हणजे सगळा दोष गिऱ्हाइकाचा, असा निकाल देऊन आम्ही मोकळे झालो असतो. पण त्याच वहीने दुसरी बाजूही दाखवली. त्या बाईंना आम्ही विचारले, "ताई, तुमच्याने दिवसाला किती ब्लाउज होतात?" त्या म्हणाल्या, अस्तराचे असेल तर बेतण्यापासून हूक लावण्यापर्यंत तीन तास जातात, घरचे सगळे करून दिवसाला दोन. लग्नाच्या तारखेआधी चोवीस दिवसांत त्यांनी किती कामे घेतली होती ती आम्ही मोजली. चौऱ्याहत्तर! चोवीस दिवसांत रोज दोन म्हणजे अठ्ठेचाळीस. उरलेली सव्वीस कोठून निघणार होती? सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर तास. म्हणजे रोज सहा तास मशीनवर बसल्यावर, स्वयंपाक, भांडी, नळाचे पाणी, मुलांचा अभ्यास हे सारे उरकून, आणखी सव्वातीन तास रात्री. चोवीस रात्री, एकही सुट्टी न घेता. त्यात एक दिवस ताप आला, एक दिवस वीज गेली, की टाइमटेबल कोसळले.

"मग नाही का म्हटले नाही?" आम्ही विचारले.

"काका, नाही म्हटले तर गिऱ्हाईक जाते, आणि गेलेले परत येत नाही. वर कॉलनीत म्हणतात, हिला माज आला."

या एका वाक्यात सारा प्रश्न आला. जी वेळ पाळता येणार नाही हे दोघांनाही आतून ठाऊक असते, ती एकाने मागायची आणि दुसऱ्याने कबूल करायची. वायदा चुकतो तो शेवटच्या रात्री नव्हे. तो कापड हातात घेतानाच चुकलेला असतो.

वाचकांपैकी जे स्टेशनवर काम करतात त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय आपण ब्लॉक सेक्शनमध्ये गाडी सोडत नाही. मागे कितीही गाड्या खोळंबल्या, कंट्रोलरने फोनवर कितीही आरडाओरडा केला, तरी सोडत नाही. शिवणाऱ्या बाईची मशीन म्हणजे एकेरी मार्गाचा सेक्शन आहे. त्यात एका वेळी एकच ब्लाउज जाऊ शकते. तेथे आपण चौऱ्याहत्तर गाड्या एकदम उभ्या करतो, प्रत्येक जण माझी गाडी पुढे काढा म्हणतो, आणि उशीर झाला की पॉइंट्समनच्या बायकोला चार्जशीट देतो.

बंधूंनो, हे दुखणे आजचे नाही आणि केवळ आपल्या कॉलनीतलेही नाही. १८६३ सालच्या जून महिन्यात लंडन शहरात मेरी अॅन वॉकली नावाची वीस वर्षांची मुलगी मरण पावली. ती उमरावांच्या बायकांचे पोशाख शिवणाऱ्या एका नामांकित दुकानात कामाला होती. इंग्लंडच्या युवराजाचे नुकतेच लग्न झाले होते आणि नव्या युवराज्ञीच्या सन्मानार्थ नाचाचा समारंभ ठरला होता. बड्या घरच्या स्त्रियांना त्या तारखेला पोशाख हवे होते. ही मुलगी आणखी साठ मुलींबरोबर, एका खोलीत तीस अशा दाटीने, सलग साडेसव्वीस तास शिवत बसली. शुक्रवारी आजारी पडली आणि रविवारी मेली. अतिश्रम आणि कोंदट खोली यांनी मृत्यू आला, असे तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. एरवीही त्या दुकानात दिवस साडेसोळा तासांचा असे. हंगामात तर तीस-तीस तास न थांबता काम चाले.

ही हकीकत कार्ल मार्क्सने आपल्या 'भांडवल' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावरील प्रकरणात नोंदवली आहे. आणि रेल्वे कामगारांनी लक्षात ठेवावे असे की त्याच प्रकरणात, या मुलीच्या हकीकतीच्या लगेच आधी, तीन रेल्वे कामगार उभे आहेत: एक गार्ड, एक इंजिन ड्रायव्हर आणि एक सिग्नलमन. मोठा अपघात होऊन अनेक प्रवासी मेले म्हणून ते चौकशीसमोर उभे होते. त्यांनी सांगितले की दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांचे काम आठ तासांचे होते, ते वाढत वाढत चौदा, अठरा, वीस तासांवर गेले, आणि सहलींच्या हंगामात चाळीस-पन्नास तास सलग. त्यांच्या डोळ्यांना दिसेनासे झाले, मेंदू चालेनासा झाला. रेल्वेवाला आणि शिवणारी, दोघेही एकाच प्रकरणात शेजारी शेजारी आहेत. आपले आणि तिचे नाते इतके जुने आहे.

त्यानंतर आपण कोठे आलो आणि ती कोठे राहिली? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रेल्वेत कामाच्या तासांचे नियम झाले, कोणते काम सतत आणि कोणते अतिश्रमाचे याची वर्गवारी झाली. १९४६ च्या जुलैत टपाल कामगारांनी देशव्यापी संप केला. १९६८ च्या १९ सप्टेंबरला केंद्रीय कर्मचाऱ्यांनी किमान वेतनासाठी एक दिवसाचा संप केला, आणि त्यात रेल्वे व टपाल दोन्ही खात्यांतील बांधवांनी नोकऱ्या पणाला लावल्या. १९७३ साली लोको रनिंग कर्मचारी दहा तासांच्या ड्युटीसाठी उठले. ८ मे १९७४ रोजी सुरू होऊन वीस दिवस चाललेल्या संपाच्या मागण्यांत आठ तासांचा दिवस होता. त्या संपात तुरुंगात गेलेले, क्वार्टरमधून बाहेर काढलेले लोक अजून आपल्यात आहेत. ड्युटीचे तास संपले की 'रिलीफ द्या' असे आज आपण ठणकावून म्हणू शकतो, ते या पुण्याईवर.

शिवणाऱ्या बाईला रिलीफ कोण देणार? तिला रविवार नाही, कारण गिऱ्हाइकाला सुट्टी असते ती रविवारी आणि तो मापे द्यायला त्याच दिवशी येतो. तिला ओव्हरटाइम नाही. तिचे डोळे गेले, पाठ धरली, तर मेडिकल बोर्ड नाही आणि हलके कामही नाही. दुकानात पीसवर काम करणाऱ्या कारागिराचीही तीच गत. मास्तर कापड बेततो, कारागीर नगावर शिवतो, आणि गिऱ्हाइकाने नमुना बदलला म्हणून उसवून पुन्हा शिवले तर त्या दुसऱ्या शिलाईचे पैसे बहुधा कोणीच देत नाही.

आता आपल्या स्वतःच्या गणवेशाकडे पाहू. पूर्वी खात्याकडून कापड किंवा तयार गणवेश मिळे. कोणाला खांद्यात आखूड, कोणाला पोटावर घट्ट, अशी त्याची तऱ्हा असे, आणि त्याविरुद्ध आपणच निवेदने दिली. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर १ जुलै २०१७ पासून ड्रेस अलाउन्स सुरू झाला. ट्रॅकमन, रनिंग स्टाफ, पोस्टमन अशांना सुरुवातीला वर्षाला ५,००० रुपये, स्टेशन मास्तरांना १०,००० रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हा भत्ता २५ टक्क्यांनी वाढावा असेही ठरले. ही रक्कम वर्षातून एकदा, जुलैच्या पगारात मिळते. चांगली गोष्ट झाली. पण परिणाम असा की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात साऱ्या कॉलनीचे कापड एकदमच शिंप्याकडे जाते आणि प्रत्येकाला १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला नवा गणवेश हवा असतो. पाठोपाठ गणपती, नवरात्र, दिवाळी. एकाच तारखेची मागणी शेकडो जण करतात आणि प्रत्येकाला वाटते की माझे एकच तर काम आहे.

येथे एक कबुली देणे भाग आहे. त्या बाईंच्या वहीची पाने उलटताना बाकी असणाऱ्यांच्या नावांत आमच्या घरचेही नाव निघाले. साडीचे फॉल-पिको आणि दोन ब्लाउज, सात महिन्यांपूर्वीचे. घरी विचारले तर कळले, "देऊ म्हटले होते, राहून गेले." रक्कम किरकोळ होती. पण आमचा पगार एक तारखेला झाला नाही तर आम्ही दोन तारखेला कोणत्या भाषेत बोलतो ते आमचे आम्हांला माहीत. आणि एवढ्यावरच भागत नाही. काही वर्षांमागे आम्ही स्वतः १३ ऑगस्टला शर्ट-पँटचे कापड घेऊन एका शिंप्याकडे गेलो होतो, आणि तो 'जमणार नाही' म्हणाला तेव्हा युनियनच्या पदाचा तोरा मिरवून त्याच्याकडून 'बघतो' असे वदवून घेतले होते. १५ तारखेला शर्ट तयार होता. त्यासाठी तो किती वाजेपर्यंत जागला, हे आम्ही विचारले नाही.

याचा अर्थ शिंप्याचे सारे गुन्हे माफ, असा नव्हे. 'उद्या या' असे दहा वेळा सांगून गिऱ्हाइकाला फेऱ्या मारायला लावणारे आहेत. आधी आलेले कापड तळाशी ठेवून ओळखीच्याचे वर घेणारे आहेत. महागाचे कापड चुकीचे बेतून 'कापडच कमी होते' म्हणणारेही आहेत. एखाद्या ट्रॅकमनने बहिणीच्या लग्नासाठी सोसायटीचे कर्ज काढून घेतलेले कापड वाया गेले तर त्याचा संताप रास्तच आहे. अशा गिऱ्हाइकाला कायद्याचे दार उघडे आहे. वेळेवर ब्लाउज न दिल्याबद्दल धाराशिव आणि अहमदाबाद येथील ग्राहक आयोगांनी अलीकडच्या काळात शिवणाऱ्यांना भरपाई द्यायला लावली आहे. शिवणकाम करणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. तोंडी वायदाही वायदाच असतो.

पण शिवणाऱ्याच्या हातातही कायद्याने एक गोष्ट दिली आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १७० प्रमाणे ज्याने दुसऱ्याच्या वस्तूवर आपले श्रम किंवा कसब खर्च केले, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवून घेण्याचा हक्क आहे. त्या कलमाखाली कायद्याने जी उदाहरणे दिली आहेत त्यांपैकी एक शिंप्याचेच आहे. शिंप्याने कोट तयार होताच देण्याचे आणि पैशासाठी तीन महिन्यांची उधारी देण्याचे कबूल केले असेल, तर त्याला कोट अडवून ठेवता येत नाही. म्हणजे उधारी तोंडाने कबूल केली की हातातला हक्क गेला. 'शिलाई रोख, मग कपडा' असे म्हणणारी बाई माजलेली नसते; ती दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला धरून बोलत असते.

संघटनेच्या दृष्टीने पाहिले तर तिची अडचण अशी की तिचा मालक कोण हेच कोणाला सांगता येत नाही. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' ही स्वयंरोजगारी स्त्रियांची युनियन नोंदवायला नेली, तेव्हा मालक नाही तर युनियन कसली, अशीच हरकत सरकारी कचेरीतून निघाली होती. त्या स्त्रिया हटल्या नाहीत आणि युनियन नोंदली गेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. त्यातही व्यापाऱ्यासाठी किंवा कारखानदारासाठी घरी काम करणारे येतात, थेट शेजारणीचे ब्लाउज शिवणारी नीट बसत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पण सरकारी नोकराचे कुटुंबीय त्या योजनेला पात्र नाहीत. म्हणजे आपल्या कॉलनीतली बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे योजनेबाहेर, आणि स्वतःच्या कामामुळे कोणत्याही नियमाबाहेर. तिचे कामाचे तास ठरवणारा कोणी साहेब नाही. ते ठरवतो कापड घेऊन दारात उभा राहणारा माणूस. तो माणूस आपण आहोत.

म्हणून सरकारकडे मागणी करण्यापूर्वी आपल्या हातात जे आहे ते करावे, असे आमचे मत आहे. सभासद बंधू-भगिनींना आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, कापड आणि अस्तर एकाच वेळी द्या आणि वेळ ठेवून द्या. गणवेशाचा भत्ता जुलैच्या पगारात येणार हे वर्षभर आधी ठाऊक असते. मापे आधीच देऊन ठेवता येतात. जुना गणवेश चालण्यासारखा असेल तर १५ ऑगस्टचा हट्ट सोडावा. नवा गणवेश सप्टेंबरात अंगावर आला म्हणून झेंड्याचा मान कमी होत नाही.

दुसरी गोष्ट, नमुना ठरवायचा तो कापड बेतण्यापूर्वी. कात्री लागल्यावर बदल हवा असेल तर त्याची वेगळी मजुरी आणि वाढीव दिवस आपण होऊन द्यावेत. ट्रायलला बोलावले की जावे. आपण ट्रायल चुकवली तर तेवढे दिवस आपल्या वायद्यात मोजावेत, तिच्या नव्हे.

तिसरी गोष्ट, निम्मी शिलाई कापड देताना आणि उरलेली कपडा घेताना. उधारी नाही. 'पगार झाला की देतो' हे वाक्य आपण वाण्याला म्हणतो तेव्हा वाणी त्याचे व्याज मालाच्या भावात लावतो; शिवणारी कशात लावणार?

चौथी गोष्ट भगिनींसाठी. दोन कोऱ्या पावत्यांचे पुस्तक घ्या. एकीवर कापड, अस्तर, नमुना, आगाऊ रक्कम आणि तारीख लिहून गिऱ्हाइकाला द्या, दुसरी स्वतःकडे ठेवा. दिवसाला दोनच होत असतील तर वहीत दोनच्या वर रेघ ओढा आणि त्यापुढचे काम पुढच्या तारखेला लिहा. 'होईल' म्हणण्यापेक्षा 'अमुक तारखेला होईल, त्याआधी नाही' असे म्हणा. एकटीने म्हटले तर गिऱ्हाईक शेजारणीकडे जाईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच कॉलनीतल्या साऱ्या शिवणाऱ्यांनी एकत्र बसून हे ठरवले पाहिजे. एकटा गँगमन 'ओव्हरटाइमशिवाय थांबणार नाही' म्हणाला तर त्याची बदली होते. सारी गँग म्हणाली तर साहेब बोलणी करतो. नियम तोच आहे.

पाचवी गोष्ट शाखांसाठी. प्रत्येक शाखेने आपल्या कॉलनीत, मग ती भुसावळ, दौंड, मनमाडची असो की इटारसी, वडोदरा, हुबळीची, सणांच्या महिनाभर आधी शिवणकाम करणाऱ्या भगिनींची एक बैठक घ्यावी. दर आणि तारखा यांचा एक साधा तक्ता तयार करून युनियनच्या फलकावर लावावा. ज्यांची ई-श्रम नोंदणी झालेली नाही त्यांची करून द्यावी. आणि सभासदांकडे शिलाईची जी बाकी असेल ती चुकती करण्याचे आवाहन शाखेच्या सभेत करावे. सुरुवात पदाधिकाऱ्यांनी करावी.

त्या तक्रारीचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. दोन्ही कुटुंबांना आम्ही ऑफिसात बसवले. वही मध्ये ठेवली आणि कोणालाही बोलण्याआधी ती वाचायला सांगितले. आमचे सभासद बराच वेळ ते पान पाहत राहिले. मग म्हणाले, "हे अकराशे रुपयांचे मला खरेच माहीत नव्हते." त्या बाई म्हणाल्या, "आणि मी तुमचे कापड घ्यायलाच नको होते. मला माहीत होते होणार नाही." त्यांनी त्या ब्लाउजची आगाऊ रक्कम परत केली, यांनी मागची बाकी दिली. लग्नातली ती संध्याकाळ कोणाला परत देता आली नाही. मुलीच्या मनातली खंत पावतीने मिटणारी नाही, हे आम्ही जाणून आहोत. पण पॉइंट्समनला समज देण्याची गरज उरली नाही.

निघताना त्या बाईंनी आम्हांला एकच गोष्ट विचारली. "काका, तुमच्या ड्युटीचा तक्ता भिंतीवर लागतो. आमचाही लावता येईल का?"

आमच्या शाखेने तो लावला आहे. साध्या पुठ्ठ्यावर, हाताने लिहिलेला. तक्ता लागल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्या बाईंनी पन्नास ब्लाउज घेतली, चोवीस जणींना नाही म्हटले. त्यातल्या काही रागावल्या, काही दुसरीकडे गेल्या, बऱ्याच जणी दिवाळीनंतरच्या तारखेला तयार झाल्या. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री आम्ही कॉलनीतून चाललो होतो. त्या घरातला दिवा साडेदहाला विझलेला होता.

इतर शाखांनी हे करून पाहावे आणि आपला अनुभव या पानांसाठी कळवावा, ही विनंती. आठ तासांचा दिवस आपण भीक म्हणून मिळवला नाही, लढून मिळवला. तो आपल्या घराच्या भिंतीपलीकडे पोचत नसेल, आणि आपल्याच सणासाठी आपलीच भगिनी रात्रपाळी करीत असेल, तर आपला लढा अर्ध्या वाटेवरच थांबला असे म्हणावे लागेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!